परिषदेला प्रत्यक्ष जाताना : स्थानिक स्वराज्य संस्थांतील संगणक कर्मचाऱ्यांसाठी

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्यानंतरची जवळपास दोन वर्षे आपल्या क्षेत्रातील बैठका, प्रशिक्षणे आणि परिषदा बहुतांशी संगणकाच्या पडद्यावरच पार पडल्या. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील निर्बंध उठले आणि सभागृहे पुन्हा भरू लागली. तरीही या काळात किंवा त्यानंतर महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांत रुजू झालेले कितीतरी संगणक अभियंते, प्रोग्रॅमर आणि कर किंवा जन्म-मृत्यू विभागात संगणकाचे काम सांभाळणारे लिपिक असे आहेत, की ज्यांनी आजवर एकही परिषद प्रत्यक्ष पाहिलेली नाही. निमंत्रणाचे पत्र टेबलावर आले की ते विचारतात, ‘ऑनलाइन जोडून घेतले तर चालणार नाही का?’ मी पुणे जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत संगणक अभियंता म्हणून काम करतो आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

उत्तराचा पहिला भाग असा, की काही गोष्टींना ऑनलाइन खरोखरच पुरेसे आहे. नव्या शासन निर्णयाची माहिती, एखाद्या कायद्यातील कलमांचे विवेचन, नव्या पोर्टलवर कोणती कळ कुठे दाबायची याचे प्रात्यक्षिक, हे सर्व आपल्या टेबलावर बसून ऐकता येते, शिवाय हवे तेव्हा थांबवून पुन्हा पाहता येते. त्यासाठी दोन दिवस कार्यालय सोडण्याची गरज नाही. परंतु एखादी प्रणाली कुठे अडली, डेटा स्थलांतरित करताना काय हरवले, पुरवठादाराने कोणते काम अर्धवट टाकले, हे कोणीही ध्वनिमुद्रण सुरू असलेल्या बैठकीत दोनशे जणांसमोर सांगत नाही. ते चहाच्या टेबलाजवळ, समोरच्या माणसाचा चेहरा पाहून सांगितले जाते. प्रत्यक्ष जाण्याचे कारण तेवढे एकच आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

कोणती परिषद आणि कोणत्या महिन्यात

केंद्र शासनाची राष्ट्रीय ई-प्रशासन परिषद दरवर्षी वेगवेगळ्या राज्यांत भरते. करोनाच्या अगदी आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये ती मुंबईत झाली होती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा मुंबईतच झाली. तिथे देशभरातील मोठी कामे एका जागी पाहायला मिळतात. पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. चौदा हजार मालमत्तांच्या गावात काम करणाऱ्याला लाखो मालमत्तांच्या शहराचे सादरीकरण पाहून आनंद होतो, परंतु परत आल्यावर त्यातले काय करायचे हे कळत नाही. सुरुवात राज्य किंवा विभाग पातळीवरच्या कार्यशाळेने करावी. आपल्या सुदैवाने बाणेर रस्त्यावरील यशदा, म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, ही राज्याची शिखर प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे आणि तिथे आपल्याच आकाराच्या संस्थांमधली, आपल्याच अडचणी असलेली माणसे भेटतात.

महिना पाहून होकार द्यावा. मार्च महिन्यात करवसुलीचा शेवटचा जोर असतो, त्यामुळे कर विभागाची प्रणाली सांभाळणाऱ्याने त्या महिन्यात कुठेही जाण्याचा विचार करू नये. पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापन कक्ष सुरू असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की संगणक विभागातील बहुतेकांची नेमणूक निवडणुकीच्या कामावर होते. ही अडचण नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. पुण्यापुरते आणखी एक लक्षात ठेवावे: आषाढी वारीच्या वाटेवर संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम महाराजांच्या पालख्या शहरात मुक्कामाला असतात, तेव्हा भवानी पेठ, नाना पेठ आणि आसपासचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि पुणे महानगरपालिकेतील ज्या सहकाऱ्यांना भेटण्याची तुमची इच्छा असते ते वारकऱ्यांच्या सोयीसुविधांच्या कामात गुंतलेले असतात. गणेश विसर्जनाच्या दिवसांनाही हेच लागू आहे.

परवानगीची टिपणी

निमंत्रणाचे पत्र आवक विभागात नोंदवून घ्यावे आणि त्याच दिवशी टिपणी सादर करावी. अनेक नवे सहकारी टिपणीत ‘ज्ञानवृद्धीसाठी उपस्थित राहणे आवश्यक आहे’ असे लिहितात. हे वाक्य खोटे नाही, पण मुख्याधिकाऱ्यांना त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी आपल्या कार्यालयातील एक नेमकी अडचण लिहावी, परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतील कोणत्या सत्रात ती चर्चेला येणार आहे हे नमूद करावे, आणि परत आल्यावर किती दिवसांत अहवाल सादर कराल ते सांगावे. नोंदणी शुल्क असल्यास ते कोणत्या लेखाशीर्षातून जाईल हे लेखापालांना आधी विचारून घ्यावे, म्हणजे नस्ती शेरा पडून परत येत नाही. अनुपस्थितीचा कालावधी कर्तव्यकालावधी म्हणून धरला जावा, ही विनंती टिपणीतच असावी. नंतर स्वतंत्र पत्रव्यवहार करणे फार त्रासाचे होते.

आयोजकांनी निवास आणि भोजन दिले असेल तर दैनिक भत्त्यावर त्याचा परिणाम होतो. म्हणून पत्रात त्याबद्दल काय लिहिले आहे ते लेखा विभागाला दाखवावे आणि देयकात ती बाब स्वतःहून नमूद करावी. लेखापरीक्षणात निघण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

कार्यालय मागे ठेवून जाताना

या पायरीवर मी अधिक लिहिणार आहे, कारण माझ्याकडून इथेच चूक झाली होती. करोनानंतरच्या माझ्या पहिल्या परिषदेला मी गेलो तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलला माझाच मोबाइल क्रमांक जोडलेला होता आणि लॉगिनचा ओटीपी माझ्याकडे येत होता. सभागृहात मी फोन बंद करून बसलो होतो. कार्यालयात सकाळी अकरा वाजता एक गृहस्थ आईच्या मृत्यूचा दाखला घेण्यासाठी आले होते. बँकेच्या कामासाठी त्यांना तो त्याच दिवशी हवा होता. विभागातील लिपिक बाई मला दीड तास फोन करत राहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत मी फोन सुरू केला तेव्हा सतरा हुकलेले कॉल दिसले. ते गृहस्थ तोपर्यंत दोनदा येऊन परत गेले होते. त्यांना दाखला संध्याकाळी मिळाला, बँक तेव्हा बंद झाली होती. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना कालमर्यादा आहे आणि आपण सभागृहात आहोत म्हणून अर्जदाराची मुदत थांबत नाही. त्या दिवसाची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून निघण्याच्या किमान तीन दिवस आधी एक कागद घेऊन बसावे आणि आपल्या नावावर, मोबाइलवर किंवा केवळ स्मरणशक्तीवर चालणाऱ्या सर्व गोष्टी लिहून काढाव्यात: पोर्टलचे लॉगिन, ओटीपीचे क्रमांक, सर्व्हर खोलीची किल्ली, बॅकअपची वेळ, इंटरनेट सेवा देणाऱ्याचा तक्रार क्रमांक, देखभाल कंत्राटातील अभियंत्याचा दूरध्वनी. ज्या पोर्टलवर दुसऱ्या अधिकृत वापरकर्त्याची सोय आहे तिथे मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने तशी नोंद करून घ्यावी. आपला संकेतशब्द किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मात्र कोणाच्याही हाती देऊ नये. ती सोय वाटली तरी त्या स्वाक्षरीने झालेल्या प्रत्येक व्यवहाराची जबाबदारी तुमच्यावरच राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी पदभार घेणाऱ्या सहकाऱ्याला तुमच्या समोर एकदा लॉगिन करून एक दाखला काढायला सांगावे. यादी वाचून ‘हो, समजले’ म्हणणे आणि तो दाखला प्रत्यक्ष छापून निघणे यांत बरेच अंतर असते.

सायबर सुरक्षेबाबतही एक व्यवस्था हवी. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. हे सहा तास तुम्ही एसटीत बसलेले असतानाही मोजले जातात, म्हणून कोणी कळवायचे आणि कोणाच्या सहीने, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे.

एक प्रश्न सोबत

परिषदेला जाताना वहीत दहा प्रश्न नकोत, एकच असावा, आणि तो आपल्या टेबलावरचा असावा. ‘ई-प्रशासन कसे सुधारावे’ हा प्रश्न नव्हे. माझा त्या वेळचा प्रश्न असा होता: आमच्या मालमत्ता कराच्या नोंदवहीत ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शोधले की निम्म्याच मालमत्ता समोर येत होत्या. बाकीच्या नोंदींमध्येही पडद्यावर ‘कुऱ्हाडे’ असेच दिसत होते, पण शोधात त्या येत नव्हत्या. पुरवठादाराच्या माणसाने नोंदी पुन्हा टंकलिखित करा असा सल्ला दिला होता.

चहाच्या रांगेत शेजारच्या जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या मॅडम उभ्या होत्या. मी प्रश्न सांगताच त्यांनी माझ्याच वहीत ते अक्षर दोनदा लिहून दाखवले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे साठवला जातो: एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त असते, तर दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून रूपांतर केलेल्या काही नोंदींत रफार येऊन तिसरेच ‘कुर्हाडे’ तयार झालेले असते. ‘आधी सगळ्या नोंदी एका रूपात आणा, आणि शोधायचा शब्दही त्याच रूपात आणूनच शोधा,’ असे त्या म्हणाल्या, आणि हेच ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या गोंधळाला मात्र लागू होत नाही, कारण तिथे मूळ नोंदच चुकलेली असते, हेही त्यांनी बजावले. सगळे मिळून सात-आठ मिनिटे गेली असतील. आमच्याकडे हा प्रश्न दोन वर्षे पडून होता.

तुमचा प्रश्न इतका नेमका झाला, की तो दोन वाक्यांत सांगता येतो. ओळख करून देताना नाव, संस्था, पद आणि लगेच हा प्रश्न, एवढेच बोलावे: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. आमच्याकडे चौदा हजार मालमत्ता आहेत आणि नावाने शोध नीट होत नाही. तुमच्याकडे हे कसे सोडवले?’ समोरची व्यक्ती पदाने कितीही मोठी असली तरी कामाच्या प्रश्नाला उत्तर देताना तिला आनंदच होतो, असा माझा अनुभव आहे. सुरुवातीला संकोच वाटतो, विशेषतः ज्यांनी नोकरीची पहिली वर्षे पडद्यासमोरच काढली त्यांना. अशांनी पहिल्याच चहाच्या वेळी एकट्या उभ्या असलेल्या कोणापाशी तरी जावे. तेही बहुधा पहिल्यांदाच आलेले असतात.

पुण्यात पोहोचणे

सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्या एसटी स्वारगेटला थांबतात. तिथून मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून दुसऱ्या मार्गिकेवर जाता येते. पुणे महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीजवळही त्या मार्गिकेचे स्थानक आहे. नाशिक किंवा मराठवाड्याकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की शिवाजीनगरचे बसस्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. जुन्या माहितीवर विसंबून कोणाला ‘शिवाजीनगर स्टँडवर भेटू’ असे सांगितले तर दोघे दोन ठिकाणी उभे राहतात. यशदाला जायचे असेल तर विद्यापीठ चौकातून जावे लागते आणि सकाळी नऊ ते अकरा या वेळात तिथली कोंडी गृहीत धरूनच निघावे. शक्य असल्यास आदल्या रात्री पोहोचावे. नोंदणीच्या वेळी मोकळेपणाने उभी असलेली माणसे भेटतात, ती वेळ चुकवू नये. तिकिटे जपून ठेवावीत.

घरात वृद्ध आईवडील किंवा आजारी व्यक्ती असेल आणि गर्दीची धास्ती वाटत असेल, तर मास्क लावून बसण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. ताप किंवा खोकला असेल तर मात्र जाऊ नये. आयोजकांना कळवून आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवावे.

सभागृहात आणि स्टॉलवर

सर्व सत्रांना बसण्याचा अट्टहास करू नये. उद्घाटनाला बसावे, आपल्या प्रश्नाशी संबंधित सत्राला पुढच्या रांगेत बसावे आणि वक्त्याला प्रश्नोत्तरांत नव्हे, तर सत्र संपल्यावर बाजूला गाठून विचारावे. सादरीकरणात नेहमी यशाचे आकडे असतात. तुम्ही विचारायचे ते हे, की पहिल्या सहा महिन्यांत काय बिघडले, जुना डेटा कोणी तपासला आणि आज ते काम किती माणसे सांभाळतात.

पुरवठादारांच्या स्टॉलवर जरूर जावे, कारण बाजारात काय उपलब्ध आहे हे तिथे कळते. परंतु काही पथ्ये पाळावीत. आपल्या कार्यालयात कोणती निविदा निघणार आहे, तिची अंदाजित रक्कम किती आहे, हे बोलू नये. भेटवस्तू आणि रात्रीच्या जेवणाची निमंत्रणे नम्रपणे नाकारावीत. आपल्याला वर्तणूक नियम लागू आहेत आणि नंतर कागदावर आपली सही असते. विचारायचे ते मोजकेच आहे: कंत्राट संपल्यावर आमचा संपूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्याल, दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा दर काय, आणि आमच्याएवढ्या आकाराची कोणती संस्था आज तुमची प्रणाली वापरते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्या संस्थेचा माणूस त्याच आवारात शोधावा. तो बहुधा आलेला असतो, आणि माहितीपत्रकात जे छापलेले नसते ते त्याच्याकडून कळते.

आपली प्रणाली कोणाला दाखवताना नागरिकांच्या खऱ्या नोंदी उघडू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी एखाद्या माणसाची थकबाकी किंवा दूरध्वनी क्रमांक परक्या लॅपटॉपसमोर उघडणे योग्य नव्हतेच. चाचणीच्या खोट्या नोंदींचा एक छोटा संच सोबत न्यावा. सभागृहातील सार्वजनिक वाय-फायवरून कार्यालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करू नये.

त्या पहिल्या परिषदेतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. करोनाच्या काळात रोज रात्री आठ वाजता मी शेजारच्या तालुक्यातील एका सहकाऱ्याशी फोनवर रुग्णांचे आणि खाटांचे आकडे जुळवत असे. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नव्हते. दुपारी जेवणाच्या रांगेत माझ्या मागे कोणीतरी ‘भाजी संपली का हो?’ असे विचारले आणि मी वळून थेट त्यांचे नाव घेतले. आम्ही ताटे हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभे राहिलो. बोललो फार थोडे. आज कोणतीही प्रणाली अडली, की मी पहिला फोन त्यांना करतो.

परत आल्यावर

तिसऱ्या दिवसाच्या आत एक पानाचा अहवाल मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. त्यात सत्रांची यादी लिहून पान भरू नये. आपण कोणता प्रश्न घेऊन गेलो, त्याचे कोणते उत्तर मिळाले, ते अमलात आणायला किती दिवस आणि किती खर्च लागेल, आणि तिथे पाहिलेले पण आपल्याला न जमणारे काय, एवढे लिहावे. न जमणाऱ्या गोष्टींची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी तीच प्रणाली घेण्याचा प्रस्ताव आणतो. उपस्थिती प्रमाणपत्र आणि तिकिटे जोडून प्रवास भत्त्याचे देयक त्याच आठवड्यात सादर करावे.

पंधरा दिवसांत मिळालेल्या उत्तरातील एक तरी गोष्ट करून पाहावी आणि ज्यांनी ते सांगितले त्यांना फोन करून निकाल कळवावा. जमले नसेल तर तेही कळवावे. आमच्या नोंदवहीत आता ‘कुऱ्हाडे’ शोधले की सर्व मालमत्ता एकत्र येतात. हे मी त्या मॅडमना कळवले तेव्हा त्यांनी ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’ आणि ‘दऱ्याचा मळा’ हेही तपासून घ्या, असे सांगितले, आणि त्यात आणखी चुका सापडल्या.

पुढच्या परिषदेचे पत्र येईल तेव्हा टिपणीत स्वतःऐवजी कर किंवा जन्म-मृत्यू विभागातील लिपिकाचे नाव सुचवावे, कारण नागरिकांसमोर खिडकीवर बसून त्या प्रणालीशी रोज झगडणारे तेच असतात. त्यांना पाठवण्यापूर्वी अर्धा तास त्यांच्याशेजारी बसावे आणि त्यांचा एक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.